गाडीचा वाटा

आमच्या गाडीचं इंजिन मिठानं मेलं. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, मग "म्हणजे कसं?" विचारतो आणि मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. खरं म्हणजे मला ते सांगायला आवडतं. त्यात माझी फजिती आहे, पण त्या पावसाळ्याइतकी खुशीत मी बोईसरला आल्यापासून कधीच नव्हते.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. नवरा इथल्या इंडस्ट्रियल एरियात एका छोट्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंग मशीनवर आहे. मी लग्न करून आले आणि अकरा वर्षं एका कारखान्यात गोळ्यांच्या पाकिटांवरची लेबलं तपासत उभी राहिले. उभी म्हणजे खरोखरच उभी. एकदा स्टूल मागितलं तर सुपरवायझरनं असा चेहरा केला की जणू मी त्याची खुर्चीच मागितली. तो कारखाना बंद झाला तेव्हा बाकीच्या बायका रडल्या आणि मी ड्रायव्हिंग क्लासला नाव घातलं. हिशेबाचे जे पैसे मिळाले त्यात आठ सीटची एक जुनी व्हॅन घेतली, परवाना काढला आणि रोज सकाळी समुद्रकिनाऱ्यावरच्या नवापूरहून पाच बायकांना त्यांच्या मासळीच्या टोपल्यांसकट बोईसरच्या बाजारात आणू लागले. दुपारी मिळेल ते भाडं. आयुष्यात पहिल्यांदा मी बसून काम करत होते, तेही खिडकीतून वारा खात. गाडी चालवताना मी गाणं म्हणते. घरात मी कधी गुणगुणतसुद्धा नाही.

त्या पाचजणींत जी सगळ्यांत मोठी, तिला सगळेच मावशी म्हणतात. माझ्या शेजारची पुढची सीट तिची. तिथं दुसरी कुणी बसली तर मावशी भांडत नाही, नुसती गाडीबाहेर उभी राहते आणि बसलेली बाई आपोआप मागं जाते. तिनं जन्मात स्टिअरिंगला हात लावलेला नाही, पण गिअर कधी बदलायचा ते ती मला रोज सांगते. आणि वैताग असा की बहुतेक वेळा तिचं बरोबर असतं.

गाडीचा रेडिएटर एप्रिलपासून गळत होता. रोज थोडं पाणी घालावं लागायचं. बोईसरहून निघताना मी भरून घ्यायची, पण नवापूरला पोचेपर्यंत तापमानाचा काटा वर सरकलेला असायचा. आणि उन्हाळ्यात नवापूरला गोडं पाणी मागायचं म्हणजे कुणाच्या ताटातली भाकरी मागण्यासारखं. टँकर कधी येईल त्याचा नेम नाही, हंड्यांची रांग पार देवळापर्यंत गेलेली. तरी एकदा मी मावशीकडे कॅन पुढं केला.

"गाडीला?" मावशी म्हणाली. "प्यायचा पानी गाडीला? तुला काय लाजबिज हाय का नाय?"

"अहो मावशी, इंजिन तापलंय."

"मंग समोर एवडा दर्या हाय तो कशाला हाय? आमच्या बोटीचा इंजिन जनमभर खारा पानी पितो. त्याला कदी सर्दी झाली नाय, तुझ्या गाडीला काय होनार हाय?"

तिनं कॅन माझ्या हातातून घेतला, गुडघाभर पाण्यात गेली, भरून आणला आणि स्वतः रेडिएटरमध्ये ओतला. काटा खाली आला. मला वाटलं, हिच्या घरात तीन पिढ्या इंजिनं चालताहेत, हिला नाही कळणार तर कुणाला कळणार! शिवाय मला रोज रोज पाणी मागायची लाज वाटत होती ती वाचली. मग काय, महिनाभर रोज सकाळी टोपल्या चढवून झाल्या की मावशी समुद्राचा एक कॅन माझ्या गाडीला पाजायची आणि मी वर "थँक्यू मावशी" म्हणायची.

मेच्या शेवटी, पावसाळ्यासाठी बोटी किनाऱ्यावर ओढून काढायला चार दिवस उरले असताना, नवापूर आणि बोईसरच्या मधोमध गाडीनं एक मोठा सुस्कारा टाकला. मागून पांढरा धूर निघाला, इतका की मागच्या रिक्षावाल्यानं शिव्या द्यायच्या आधी देवाचं नाव घेतलं. पाच बायका, पाच टोपल्या आणि मी रस्त्याच्या कडेला. मासळी थांबत नाही, त्यामुळे त्या मिळेल त्या रिक्षात बसून गेल्या. मावशी जाताना म्हणाली, "पानी घाल गं तिला."

बोईसरच्या गॅरेजवाल्या भैयानं आधी ऑइलचं झाकण उघडलं. आतलं ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. "पानी और ऑइल मिल गया," तो म्हणाला. मग दोन दिवसांनी त्यानं इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला हेड म्हणतात, ते काढलं आणि मला फोन करून बोलावून घेतलं. हेडमध्ये पाणी फिरायच्या वाटांवर पांढरे थर बसले होते. कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या.

"मॅडम, ये गाडी है कि नमक का कारखाना?"

गॅरेजमधले सगळे बघायला गोळा झाले. एकानं बोट लावून चाखलंसुद्धा आणि मान डोलावली. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यानं फुल इंजिनाच्या कामाचे पंचेचाळीस हजार सांगितले. मी घासाघीस करायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, कारण अर्ध्यावर आणले असते तरी ते माझ्याकडे नव्हते. नवऱ्याच्या पगारात भाडं, किराणा आणि गावाकडे पाठवायचे भागले की महिनाअखेरीला आमच्याकडे फक्त एकमेकांची तोंडं उरायची.

नवऱ्यानं भंगारवाल्याला विचारून ठेवलं होतं. "इकून टाकू," तो म्हणाला. "येतील ते पैसे घेऊ. आमच्या वर्कशॉपच्या मागं पॅकिंगचं नवीन युनिट चालू होतंय श्रावणात. तुझं नाव सांगून ठेवतो. तुला अनुभव हाय."

मी काहीच बोलले नाही. मी चिडले की बोलते, फार चिडले की भांडी आपटते, पण गप्प बसले की नवरा घाबरतो. माझ्या डोळ्यांसमोर त्या लेबलांची रांग पळायला लागली होती आणि पोटऱ्या आत्ताच दुखायला लागल्या होत्या. शेवटी मी म्हटलं, "नारळी पौर्णिमेपर्यंत वेळ द्या. तेव्हा बोटी परत समुद्रात जातील, बायकांना गाडी लागेल. तोवर माझी गाडी उभी राहिली नाही तर मी स्वतः भंगारवाल्याला चावी देते आणि पॅकिंगला जाते."

"चावी कशाला, तो उचलूनच नेईल," नवरा म्हणाला. त्याला वेळकाळ कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेअर रिक्षानं नवापूरला गेले ती भांडायलाच. मावशी पडवीत सुके बोंबील निवडत बसली होती. मी उभ्या उभ्या सुरू झाले. मीठ, हेड, पंचेचाळीस हजार, भंगारवाला, पॅकिंग, माझ्या पोटऱ्या, सगळं एका दमात. शेजारच्या बाया दारात आल्या. मावशी ऐकत होती आणि हात चालू होते. मी थांबले तेव्हा तिनं एक बोंबील बाजूला टाकला आणि विचारलं, "गाडीचा वाटा किती काडलास?"

"कसला वाटा?"

"आता कसला इचारते! बोट आली की म्हावऱ्याचे वाटे पडतात. खलाशाचा वाटा, जाल्याचा वाटा, बोटीचा वाटा. आदी बोटीचा बाजूला काडायचा, मंग घरात न्यायचा. बोट बोलत नाय, मागत नाय, म्हनून तिचा आदी. तू दोन वर्सं गाडी चालवतेस. गाडीचा वाटा कुटं हाय?"

मला आठवत होतं ते एवढंच की गाडीच्या पैशातून मी मिक्सर घेतला, कानातलं केलं, आणि गावच्या जत्रेला नवी साडी नेसून गेले होते, सगळ्या जावांना दिसेल अशी.

"म्हंजे तिचा वाटा तूच खाल्लास," मावशी म्हणाली. "रडिएटर गलत होता, तो गाडीच्या वाट्यातून शिवला असता तर खारा कशाला घातला असता?"

मी तणतणत निघाले. एक तर हिनं माझं इंजिन मारलं, वर हीच मला चोर ठरवते! रिक्षात बसले तरी माझं पुटपुटणं चालूच होतं. पण बोईसर येईपर्यंत राग निम्म्यावर आला होता आणि राहिलेल्या निम्म्यातला बराचसा माझ्या स्वतःवर होता. कानातलं मी घरी जाऊन काढून ठेवलं. उपयोग काही नव्हता, ते एक ग्रॅमचं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बिल्डिंगखाली आरडाओरडा ऐकू आला. खाली पाचही बायका उभ्या होत्या आणि प्रत्येकीपुढे एक पोतं. सुके बोंबील, जवळा, मांदेली, वाकट्या. अख्ख्या बिल्डिंगच्या खिडक्या फटाफट बंद झाल्या.

"ह्यो गाडीचा वाटा," मावशी म्हणाली. "बोटी वर काडल्यात, पैसा आमच्याकडं पन नाय. ह्यो इक नि पार्ट घे. दर पंदरा दिसानी आनून देऊ."

"मावशी, मी हे परत कधी देऊ?"

"परत कसला? ह्यो तुला नाय दिला. गाडीला दिला. तिच्यावर उद्या आमालाच बसायचा हाय ना!" मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "माझ्या पोत्यात थोडा जास्ती हाय." खाऱ्या पाण्याबद्दल ती याहून एक शब्द जास्त बोलली नाही, ना तेव्हा ना नंतर.

मी ती पोती जिन्यातून वर ओढत नेली आणि मधल्या मजल्यावर बसून हसायला लागले. का ते सांगता येत नाही. इतके दिवस छातीवर दगड होता, आणि आता घर सुक्या मासळीनं भरलं होतं आणि दगड कुठं गेला ते कळेना.

बर्फाचा टेम्पो रोज बोईसरहून किनाऱ्याकडे जातो, तो आता धंदा नसल्यानं रिकामाच होता. बोटीचा जाडजूड दोर आणून माझी गाडी त्याला बांधली. मावशीचा दीर नवापूरला पावसाळाभर बोटींची इंजिनं उघडून बांधतो, त्याच्याकडे गाडी न्यायचं ठरलं होतं. गॅरेजवाल्या भैयानं सुटे भाग गोणीत भरून दिले, उघडण्याची मजुरी घेतली आणि हात जोडले. मी स्टिअरिंगवर, इंजिन मागच्या सीटवर, आणि आमची वरात अख्ख्या बोईसरमधून निघाली. ओळखीचे रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. मी हात हलवत गेले. चेहरा तरी काय लपवायचा!

या दिराला सगळे म्हातारबाबा म्हणतात. त्यांच्या शेडमध्ये बोटींची इंजिनं ओळीनं मांडलेली होती, एकेक माझ्या कमरेएवढं. त्यांच्या शेवटी माझं ठेवलं तेव्हा म्हशींच्या गोठ्यात शेळीचं करडू बांधल्यासारखं दिसलं. बाबांनी चष्मा वर केला.

"हा इंजिन हाय?"

"हो बाबा."

"नाय, मना वाटला शिवन मशीन हाय."

पण मग ते त्याच्यापुढे मांडी घालून बसले आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा नवीन खेळणं मिळाल्यासारखे रमले. बोटीला खारं पाणी का चालतं तेही त्यांनीच मला सांगितलं. तिथं समुद्राचं पाणी एका बाजूनं आत येतं आणि दुसऱ्या बाजूनं लगेच बाहेर जातं, मीठ बसायला वेळच नसतो. गाडीत तेच तेच पाणी उकळत फिरत राहतं. "तू तर आत मीटच पिकवलास," ते म्हणाले आणि मावशीकडे बघून इतके हसले की त्यांना ठसका लागला. मावशी तोंड फिरवून जाळं विणायला बसली.

मजुरी त्यांनी पैशात घेतली नाही. सगळ्या बोटींचे सुटे भाग बोईसर-पालघरहून आणायला त्यांना माणूस हवं होतं, ते माणूस मी झाले. माझं वेळापत्रक असं ठरून गेलं: सकाळी पिशवीत सुकी मासळी भरून चाळींतून फिरायचं, दुपारी पार्टच्या दुकानात, मग शेडमध्ये.

मासळी विकायला मी किती लाजले होते! मला आधी बोंबील आणि वाकटी यांतला फरकही कळत नव्हता. आमच्या घरात मटण शिजतं, मासळी नाही. पण पावसाळ्यात भाड्याच्या खोल्यांत चारचार कामगार राहतात, ताजी मासळी नाही, भाजी महाग, आणि दारात सुका जवळा आला की त्यांचे चेहरे उजळायचे. वरच्या मजल्यावरच्या विदर्भातल्या वहिनींनी विचारलं, हे करायचं कसं? मला कुठं माहीत! मी ठोकून दिलं की तव्यावर भाजा, कांदा आणि भरपूर लाल तिखट घाला. संध्याकाळी त्या परत आल्या, डोळे पुसत, आणि आणखी पाव किलो घेऊन गेल्या. मग मी पण घरी करून बघितलं. नवरा आधी नाक मुरडत बसला आणि मग तीन भाकऱ्या खाल्ल्या. आणि शेअर रिक्षाचं काय सांगू! माझी पिशवी आत आली की लोक सरकून बसायचे. बोईसरच्या रिक्षात इतकं ऐसपैस मी आधी कधी बसले नव्हते.

पैसे जमतील तसा एकेक पार्ट यायचा. आधी पिस्टनच्या रिंगा, मग बेअरिंग, मग गॅस्केट. प्रत्येक पुडकं मी मावशीला दाखवायची आणि ती हातात घेऊन वजन बघायची. "यवडासा? आनि यवड्याला यवडा पैसा?" शेडमध्ये मी डिझेलमध्ये भाग धुवायची. व्हॉल्व्ह घासायचं काम बाबांनी मलाच दिलं. व्हॉल्व्हला पेस्ट लावायची, वर लाकडी दांडी चिकटवायची आणि दोन तळव्यांत ती दांडी फिरवत राहायचं. ताकाची रवी फिरवतात तसंच. ते मला पहिल्या मिनिटाला जमलं. बाबांनी बोट फिरवून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "हं." त्या "हं"वर मी दोन दिवस तरंगत होते. अकरा वर्षांत सुपरवायझरनं मला "हं" म्हटलं नव्हतं.

अडलं ते हेडवर. बाबांनी त्यावर स्टीलची पट्टी उभी धरली आणि मला खाली वाकून बघायला सांगितलं. पट्टीच्या खालून उजेड दिसत होता. तापून हेडला बाक आला होता, शिवाय मिठानं खाल्लेले खड्डे. ते भरून, घासून सपाट करायला मशीन लागतं, आणि ते नवापूरला नव्हतं. पालघरला चौकशी केली तर आकडा ऐकून मी दुकानातून पाणी पिऊन परत आले. नारळी पौर्णिमा दहा दिवसांवर होती आणि पोत्यांत फक्त चुरा उरला होता.

घासायचं मशीन कुणाकडे होतं ते मला माहीत होतं. रोज रात्री ते माझ्या शेजारीच घोरत असायचं. पण ज्याला गाडी विकायची आहे त्याच्यापुढे हात पसरायचा नाही, हा माझा हट्ट. मी विचारलं नाही. फक्त त्याच्या सुट्टीच्या दिवशी म्हटलं, "आज माझं तिकडे दिवसभर काम आहे, जेवायला नवापूरलाच या."

तो आला, छत्री झटकली, बाबांना नमस्कार केला आणि त्याची नजर हेडवर गेली. माझा नवरा शांत माणूस आहे, पण वाकडी वस्तू त्याला बघवत नाही. आमच्या घरातलं कॅलेंडरसुद्धा त्यानं ओळंबा धरून टांगलंय. त्यानं हेडवरून अंगठा फिरवला. परत फिरवला. मग पट्टी मागितली. जेवण झाल्यावर बघते तर तो हेड माझ्या जुन्या ओढणीत गुंडाळत होता.

"कुठं?" मी विचारलं.

"शेठला विचारतो. शिफ्ट सुटल्यावर मशीन मोकळंच असतं." माझ्याकडे न बघता म्हणाला, "असं वाकडं ठेवून इकायला पण बरं दिसत नाही."

मी काही बोलले नाही, पण या वेळी तो घाबरला नाही. चौथ्या दिवशी हेड परत आलं ते खड्डे भरून, आरशासारखं. बाबांनी पट्टी धरली, सगळ्या बाजूंनी वाकून बघितलं, उजेड कुठेच नाही. त्यांनी नवऱ्याच्या पाठीवर अशी थाप मारली की तो दोन पावलं पुढं गेला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी इंजिन गाडीत बसलं. रेडिएटरही सांधून आणला होता. बंदरावर सगळीकडे रंग, पताका, बोटींना हार. आमच्या गाडीलाही मावशीनं झेंडूचा हार घातला, वायपरवर. बॅटरी दोन महिन्यांत मेली होती, म्हणून एका बोटीची बॅटरी उचलून आणली. पाचही बायका, बाबा, नवरा, आणि ज्यांना दुसरं काम नव्हतं ते सगळे भोवती. मी चावी फिरवली.

इंजिन खोकलं आणि सायलेन्सरमधून असा बार निघाला की कुत्री पळाली आणि मावशी टोपलीत बसली. परत फिरवली, परत बार. नवऱ्याचा चेहरा उतरला, आणि तो उतरलेला बघून मला रडू यायला लागलं, कारण तेव्हा मला कळलं की त्यालाही आता गाडी विकायची नव्हती.

बाबा म्हणाले, "आत सगला बरोबर हाय. ह्या वायरींचा मना काय म्हायत नाय. बोटीला त्या नसतातच."

खरंच होतं, डिझेलच्या इंजिनाला प्लगच्या वायरी नसतात, माझी गाडी पेट्रोलची. त्या चार वायरी मी ओळखल्या होत्या. गॅरेजमधून सामान नेताना मी त्यांच्यावर टिकल्या चिकटवल्या होत्या: पहिलीवर एक, दुसरीवर दोन, अशा. आणि वायरी लावताना टिकल्या मोजूनच लावल्या होत्या. मी बॉनेटखाली डोकं घातलं. दोन टिकल्यांच्या दोन वायरी होत्या. तीनची कुठेच नव्हती. म्हणजे एकीची टिकली डिझेलनं गळून पडली होती आणि मी दुसरी-तिसरीची अदलाबदल केली होती. जिच्यावर गळलेल्या टिकलीचा डाग होता ती तिसरी, ती दुसरीच्या जागेवरून काढली, दोघींच्या जागा बदलल्या, आणि हात पुसायची शुद्ध न राहता परत चावी फिरवली.

इंजिन लागलं. आधी जरा थरथरलं आणि मग एका लयीत चालायला लागलं, इतकं गोड की बाबांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटले. बायका ओरडत होत्या. मावशीनं बंपरवर नारळ फोडला. तिथं आजही पोचा आहे. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून मनसोक्त रडले, आणि नवरा खिडकीतून म्हणाला, "काटा बघ काटा, रडतेस काय." काटा मधोमध उभा होता.

त्याच दिवशी मी पाचजणींना गाडीत घालून गावातून फेरी मारली. गाणं मी एकटी म्हणत नव्हते.

आता रोज भाड्याचे पैसे आले की गाडीचा वाटा आधी डॅशबोर्डमधल्या डब्यात जातो. मावशी डबा हलवून बघते. तेवढा हक्क तिचा.

यंदाच्या मेमध्ये पुन्हा टँकरची रांग लागली. एक दिवस मी नवापूरला पोचले तर मावशी रांगेत उभी होती, पुढं दोन हंडे आणि शेजारी माझा तोच कॅन, आतून घासून लख्ख केलेला. मागची बाई कुरकुरली, "हंडे दोनच ना, मंग ह्यो कॅन कुनाचा?"

"गाडीचा," मावशी म्हणाली. "तिचा वाटा हाय."

त्या दिवसापासून गोड्या पाण्याचा एक कॅन रोज माझ्या सीटमागे येऊन बसतो. आता खरी गोष्ट अशी की रेडिएटर गळत नाही, त्यात हिरवं कूलंट आहे आणि त्याला वरून एक थेंबही लागत नाही. हे मी मावशीला सांगायला तोंड उघडलं होतं, पण तिचा तो भरलेला कॅन उचलून आणतानाचा चेहरा बघितला आणि मिटलं. ते पाणी फेकायचं तर पाप. म्हणून बाजारात सगळ्या उतरल्या की मी ते पिते. तापलेल्या दुपारी इतकं गोड पाणी दुसरं नाही. गाडीचा वाटा मी अजूनही खातेच आहे.

परवा मावशीनं रिकामा कॅन हातात घेतला, हलवला आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"गाडीला तहान बरीच लागते गं तुझ्या."

"उन्हाळा आहे ना, मावशी," मी म्हटलं.

"हां," ती म्हणाली आणि पुढच्या सीटवर चढून बसली. "उद्या मोटा कॅन आन."